नवी पेठेतील ‘निर्वासितांची दुकाने’

* नवी पेठ : सोलापुरातील बाजारपेठ. ‘निर्वासित’ म्हणजे येथे फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे. त्यांच्या नागरिकत्वाची तरतूद राज्यघटनेच्या सहाव्या कलमात आहे. स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म अखंड हिंदुस्थानातला असावा, ही पहिली अट. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिलेले आपोआप नागरिक ठरले. त्यानंतर आलेल्यांना किमान सहा महिने राहून, घटना लागू होण्यापूर्वी अर्ज करून नोंदणी करावी लागली. सरकारने छावण्या उघडल्या, धंद्यासाठी कर्जे दिली. मागे राहिलेल्या घरादाराचा तपशील ‘क्लेम’च्या अर्जात भरायचा, अधिकाऱ्याने तो तपासायचा आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई द्यायची, अशी रीत होती. मालमत्ता मोठी तसे भरपाईचे प्रमाण कमी.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे पुढे पाकिस्तानातून आलेल्या अनेकांना दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. आसऱ्याबरोबर हक्काचा कागद मिळाला, तरच माणूस निर्धास्तपणे दुकान थाटतो. प्रस्तुत प्रकरण वाचताना हे ध्यानात ठेवावे. – संपादक