स्विंगआउट

* स्विंगआउट : लिंडी हॉप या जोडीने करायच्या नाचातली मुख्य चाल. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये (१९२६–५८) कृष्णवर्णीय नर्तकांनी ती घोटून घोटून घडवली. मात्रा आठ. पहिल्या दोन मात्रांना एकेक पाऊल, तिसरी-चौथी मिळून तीन झटपट पावलं. पुढच्या चारांत हेच पुन्हा. चौथीपर्यंत जोडी जवळ येते, पाचवीपासून पुढाकार घेणारा जोडीदाराला वाट मोकळी करून देतो आणि आठवीला दोघं लांब, फक्त एका हाताने जोडलेले. नवशिके इथे दंडाचा जोर लावतात. ओढ यायला हवी ती अंगाच्या भारातून. लिंडी हॉपमध्ये जोडीदाराला हवेत उडवण्याचे प्रकार नर्तक फ्रँकी मॅनिंगने १९३५च्या सुमारास आणले. ‘हेल्झापॉपिन’ (१९४१) चित्रपटात ते पाहायला मिळतात. वाचकांनी मात्र तिथेही आधी पायांकडे पाहावं. – संपा.