बायबलची बहुभाषी संस्करणे
बायबलची बहुभाषी संस्करणे : बायबलचा हिब्रू, आरामाइक व ग्रीक पाठ आणि त्याची प्राचीन भाषांतरे एकाच पानावर, शेजारशेजारच्या स्तंभांत देणारे ग्रंथ. ही कल्पना मुद्रणकलेहून पुष्कळ जुनी आहे. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती पंडिताने जुन्या कराराचा हिब्रू पाठ, त्याचे ग्रीक लिप्यंतर आणि चार ग्रीक भाषांतरे सहा स्तंभांत लिहून काढली होती. या प्रचंड ग्रंथाचे आज केवळ काही अंश उपलब्ध आहेत.

मुद्रित संस्करणांचा प्रारंभ स्पेनमध्ये झाला. कार्डिनल सिस्नेरोस याच्या आश्रयाखाली आल्काला येथे १५१४–१७ मध्ये सहा खंड छापले गेले. ते वाचकांच्या हाती मात्र १५२२ च्या सुमारास पडले. त्यातील जुन्या कराराच्या पानावर लॅटिन पाठ मध्यभागी असून त्याच्या दोन बाजूंना हिब्रू व ग्रीक पाठ आहेत. ही मांडणी दोन चोरांच्या मध्ये क्रुसावर खिळलेल्या ख्रिस्तासारखी आहे, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. मूळ भाषांना चोरांच्या जागी बसविणारी ही उपमा त्या ग्रंथाच्या हेतूशी विसंगतच म्हटली पाहिजे. दरम्यान १५१६ मध्ये जेनोआ येथे स्तोत्रसंहितेची बहुभाषी आवृत्ती निघाली. तिच्या एका स्तोत्रावरील टीपेत जेनोआचा सुपुत्र म्हणून कोलंबसाचे चरित्रच छापलेले आढळते.

दुसरे मोठे संस्करण अँटवर्प येथील मुद्रक क्रिस्तॉफ प्लांतँ याने १५६८ ते १५७३ या काळात आठ खंडांत काढले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा आश्रय असल्याने ते ‘राजेशाही बायबल’ म्हणून ओळखले जाते. संपादक बेनीतो आरियास मोंतानो याने हिब्रू, ग्रीक व लॅटिन पाठांबरोबर आरामाइक व सिरियाक पाठांचीही भर घातली. हिब्रू पाठाला अवाजवी महत्त्व दिल्याचा आरोप त्याच्यावर झाला आणि प्रकरण धर्मसभेच्या चौकशीपर्यंत गेले. सुमारे १,२०० प्रती निघालेल्या या संस्करणाला भारताच्या, विशेषतः गोव्याच्या, इतिहासात स्थान आहे.

अकबराच्या निमंत्रणावरून १७ नोव्हेंबर १५७९ रोजी तीन जेझुइट धर्मोपदेशक गोव्याहून निघाले : इटालियन रूदोल्फो आक्वाव्हिव्हा, कातालान आंतोनी मोन्सेरात आणि इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेला, मूळचा होर्मुझचा फ्रान्सिस्कु हेन्रिक्स. दुभाषाचे काम या तिसऱ्याकडे होते. दमण व सुरतमार्गे २८ फेब्रुवारी १५८० रोजी ते फत्तेपूर सीक्रीस पोहोचले आणि ३ मार्च रोजी त्यांनी प्लांतँचे बहुभाषी बायबल बादशहाला नजर केले. अकबराने पागोटे उतरवून एकेक खंड मस्तकी धरला, त्याचे चुंबन घेतले आणि शुभवर्तमान कोणत्या खंडात आहे अशी विचारणा करून त्या खंडाला विशेष मान दिला, असा वृत्तांत मिळतो.

या आदराला एक मर्यादा होती. ग्रंथातील एकही भाषा दरबाराची नव्हती. फार्सीत चालणाऱ्या वादसभांत आधार म्हणून त्याचा उपयोग होई, पण प्रत्येक वाक्य दुभाषाच्या मुखातून जाई. १५८२ मध्ये अबुल फज्लने लिहिलेल्या पत्राद्वारे अकबराने तौरेत, इंजील व जबूर यांची अरबी किंवा फार्सी भाषांतरे युरोपकडे मागितली. पत्र नेणारी वकिलात गोव्यापलीकडे गेलीच नाही. चित्रकारांना मात्र भाषेची अडचण नव्हती. या बायबलाच्या मुखपृष्ठांवरील ताम्रपट चित्रांतील रूपकात्मक स्त्री-आकृतींचा मोगल चित्रशाळेत अभ्यास झाला असून, बसावनच्या एका चित्राचे मूळ त्यांत दाखविता येते. १५९५ मध्ये तिसरे जेझुइट मंडळ लाहोरला गेले, तेव्हा अकबराच्या युरोपीय ग्रंथसंग्रहात हे खंड होते. पुढे जेरोम झेव्हियरने अब्दुस्सत्तार लाहोरीच्या साहाय्याने ख्रिस्तचरित्र फार्सीत रचले आणि १६०२ मध्ये बादशहाला सादर केले.

गोव्यातील परिस्थिती याच्या उलट होती. तेथे वादसभा नव्हती. राजसत्तेच्या बळावर देवळे पाडली जात होती. सीक्रीहून परतलेला आक्वाव्हिव्हा जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांच्या हल्ल्यात मारला गेला. देवळांच्या विध्वंसाने ते ग्रामस्थ आधीच प्रक्षुब्ध झालेले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावकरांना असोळणे येथील किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार केले. मोगल दरबारात तीन वर्षे बिनधोक वाद घालणाऱ्या धर्मोपदेशकाचा शेवट पोर्तुगीज अमलाखालील प्रदेशात व्हावा, ही गोष्ट त्या राज्यपद्धतीविषयी बरेच काही सांगते.

कुंकळ्ळीतील मृतदेह परत मिळविण्याच्या खटपटीत असलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स, आक्वाव्हिव्हाचे मंडळ निघण्यापूर्वी काही आठवडे, ऑक्टोबर १५७९ मध्ये, गोव्यास उतरला होता. बहुभाषी बायबलात नसलेला भारतीय स्तंभ एका अर्थाने त्याने भरला. लोकभाषेतील बायबलावर १५६४ च्या रोमन निषेधसूचीने निर्बंध घातलेले असल्याने सरळ भाषांतर सोपे नव्हते. स्टीफन्सने पुराणाचा मार्ग पत्करला. जुन्या व नव्या करारांतील कथा दोन भागांत, सुमारे ११,००० मराठी ओव्यांत सांगणारे त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. देवनागरी खिळ्यांच्या अभावी ग्रंथ रोमन लिपीत निघाला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने देशी भाषेच्या वापरावरच घाला घातला. तरीही हस्तलिखितांच्या रूपाने हे पुराण कोकणपट्टीतील ख्रिस्ती घरांत टिकून राहिले.

युरोपात पॅरिस (१६२९–४५) व लंडन (१६५४–५७) येथे आणखी दोन संस्करणे झाली. ब्रायन वॉल्टनच्या लंडन संस्करणात नऊ भाषा असून फार्सीचाही समावेश आहे. अर्थात सर्व नऊ भाषा कोणत्याही एका पुस्तकासाठी आलेल्या नाहीत. अकबराने मागितलेला फार्सी स्तंभ असा त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने छापला गेला. वॉल्टनच्या काही प्रतींच्या प्रस्तावनेत क्रॉमवेलच्या राजवटीचे आभार आहेत. राजेशाही परतल्यावर ती पाने बदलून दुसऱ्या चार्ल्सची स्तुती घालण्यात आली.

मराठीत गद्य भाषांतर झाले ते श्रीरामपूर (बंगाल) येथे. विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये व संपूर्ण नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध केला. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला लागलेल्या आगीत अनेक लिप्यांचे खिळे आणि संस्कृतोद्भव भाषांच्या बहुभाषी कोशाचे कॅरीचे हस्तलिखित नष्ट झाले. दूर बंगालमध्ये घडलेले हे मराठी पश्चिम महाराष्ट्राच्या वापरास पुरेसे ठरले नाही. मुंबईतील अमेरिकन मिशनने नव्या कराराचे स्वतंत्र भाषांतर १८२६ मध्ये छापले आणि संपूर्ण बायबल मराठीत १८४७ मध्ये आले.

या सर्व भाषांतरांत मूळ भाषा जाणणारा मनुष्य परदेशी आणि मराठी जाणणारा त्याचा साहाय्यक, अशी विभागणी होती. पंडिता रमाबाईंनी ती मोडली. केडगाव येथील मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि सामान्य स्त्रियांना समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. त्याची जुळणी व छपाई सदनातील स्त्रियांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, त्यावेळी भाषांतराचे काम पूर्ण झालेले होते. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.