पाताळातली वाट : कोलकात्याच्या भुयारी रेल्वेची १०४ वर्षे

१/ २२ ऑगस्ट २०२५. कोलकात्यात एस्प्लनेड ते सियालदह हा जेमतेम अडीच किलोमीटरचा भुयारी रेल्वेमार्ग खुला झाला. अंतर किरकोळ वाटेल. परंतु या तुकड्यामुळे हुगळीच्या पश्चिम तीरावरील हावडा आणि पूर्वेकडील सियालदह ही दोन महत्त्वाची रेल्वेस्थानके जमिनीखालून जोडली गेली. हुगळीखालून पूर्व-पश्चिम भुयारी रेल्वे नेण्याचा आराखडा मात्र १९२१ सालचा आहे. या १०४ वर्षांच्या वाटचालीचा हा धागा. 🧵

२/ प्रारंभ होतो सिमल्यात. १९१९ साली तेथे भरलेल्या इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलच्या अधिवेशनात कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेचा विषय निघाला आणि डब्ल्यू. ई. क्रम यांच्या पुढाकाराने समिती नेमली गेली. (शहराचे अधिकृत नाव २००१ सालापर्यंत ‘कलकत्ता’ होते; म्हणून जुन्या काळासाठी तेच नाव वापरतो.)

३/ लंडनच्या भुयारी रेल्वेचे अनुभवी अभियंते हार्ले डॅलरिम्पल-हे यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी पूर्वेकडील बागमारीपासून नदीखालून हावड्याच्या बाजूच्या सालकियापर्यंत मार्ग आखला. अंदाजे खर्च सुमारे ३५ लाख पौंड. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या दिवसांत एवढा पैसा उभा राहिला नाही. आराखडा कपाटात गेला.

४/ तरीही हुगळीखाली बोगदा झालाच; रेल्वेचा नव्हे, विजेच्या तारांचा. कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशनने डॅलरिम्पल-हे यांचाच सल्ला घेऊन तो १९३१ मध्ये पूर्ण केला. म्हणजे नदीखालून जाण्याची विद्या उपलब्ध होती. अडसर होता तो द्रव्याचा आणि इच्छेचा.

५/ स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी फ्रेंच तज्ज्ञांकडून पाहणी करवून घेतली. तीही तडीस गेली नाही. तोवर फाळणीनंतरच्या निर्वासितांनी शहर दुथडी भरले होते. भूभागापैकी रस्त्यांचा वाटा सुमारे ४ टक्के, तर दिल्लीत हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या घरात. रस्ते रुंद करायला जागाच नव्हती. उरली होती ती जमिनीखाली.

६/ १९६९ मध्ये रेल्वेने ‘महानगर परिवहन प्रकल्प’ ही यंत्रणा उभारली. सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने १९७१ चा बृहत् आराखडा तयार झाला. त्यात एकूण ९७.५ किलोमीटर लांबीचे पाच मार्ग होते. पहिला मान मिळाला दमदम ते टॉलीगंज या १६.४५ किलोमीटरच्या उत्तर-दक्षिण मार्गाला. २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते कोनशिला बसली.

७/ आता खरा प्रश्न : कलकत्त्याच्या भूमीत खणायचे कसे? आपल्या सह्याद्रीत बोगदा खणणाऱ्याला कातळाशी झुंजावे लागते; पण कातळ निदान आपला भार आपण पेलतो. कलकत्ता वसले आहे नदीच्या गाळावर. खाली मऊ चिकणमाती, कुजलेल्या वनस्पतींचे थर, आणि थोडे खणताच लागणारे पाणी. येथे खड्डा खणला की त्याच्या भिंती आत सरकू लागतात.

८/ उपाय निघाला तो असा : आधी भिंत, मग खड्डा. रस्त्याच्या दोन्ही कडांना अरुंद, खोल चर खणायचा आणि खणता खणताच त्यात बेंटोनाइट नावाच्या मातीचा दाट राळा ओतत राहायचा. या राळ्याचा दाब चराच्या बाजूंना सावरून धरतो. मग त्यात लोखंडी गजांचा पिंजरा सोडायचा आणि नळीने अगदी तळापासून काँक्रीट भरत वर यायचे.

९/ काँक्रीट जड, राळा हलका. काँक्रीट चढत जाते तसा राळा वर लोटला जातो व काढून घेता येतो. अशा रीतीने जमिनीच्या पोटात भिंत तयार होते. दोन भिंतींमधली माती नंतर काढायची, भिंतींना आडवे लोखंडी टेकू द्यायचे, आत काँक्रीटची पेटी बांधायची आणि वर माती टाकून रस्ता पूर्ववत करायचा. खणा आणि झाका : पद्धतीचे सार एवढेच.

१०/ एक मौजेची गोष्ट पाहा. अशी पोकळ पेटी भूजलात बसवली की ती होडीसारखी वर तरंगू पाहते. म्हणून छत कोसळू नये याची जेवढी चिंता, तेवढीच सबंध बांधकाम वर उचलले जाऊ नये याचीही. काँक्रीटचे आणि वरच्या मातीचे वजन तिला खाली दाबून ठेवते. भुयाराचा अभियंता मातीशी झगडतो तितकाच पाण्याशीही.

११/ कागदावर हे सरळ दिसते. परंतु वरचा रस्ता रिकामा नव्हता. चित्तरंजन मार्गासारख्या हमरस्त्याखाली सांडपाण्याच्या जुन्या वाहिन्या, पाण्याचे नळ, विजेच्या व टेलिफोनच्या तारा गुंतलेल्या होत्या. प्रत्येक वाहिनी आधी हलवायची, तिची सेवा अखंड ठेवायची, आणि मगच खाली उतरायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, काम ठप्प आहे. प्रत्यक्षात ते फावड्याच्या पहिल्या घावापूर्वीच सुरू झालेले असे.

१२/ श्यामबाजार ते बेलगाछिया या भागात तर खणा-झाका पद्धत चालणारच नव्हती. वर कालवा आणि रेल्वेचे यार्ड. तेथे सुमारे एक किलोमीटर बोगदा ढाल-यंत्राने, म्हणजे पोलादी नळकांडे पुढे ढकलीत, खणला गेला. पाणी आत घुसू नये म्हणून बोगद्यात दाबाखालची हवा भरलेली असे. भारतात भुयारी रेल्वेसाठी हा पहिलाच प्रयोग.

१३/ या दाबाच्या हवेत माणसे काम करीत होती. अशा हवेत रक्तात अधिक नायट्रोजन विरघळतो. माणूस एकदम बाहेर आला तर शरीरात त्याचे बुडबुडे होतात आणि प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक पाळीनंतर कामगाराला हवाबंद कोठडीत बसवून दाब हळूहळू उतरवावा लागतो. कोनशिलेवर ज्यांची नावे नसतात, त्यांच्या कष्टांची ही एक बाजू.

१४/ आणि प्रगती? १९७३-७४ मध्ये काम सुरू झाले खरे, पण १९७७-७८ पर्यंत पुरेसा निधीच मिळाला नाही. त्यात न्यायालयांचे मनाई हुकूम आणि सिमेंट-पोलादासारख्या साहित्याची अनियमित आवक. प्रत्येक वर्षीच्या अंदाजपत्रकात किती रक्कम पडेल, यावर त्या वर्षी किती खणायचे ते ठरे. खड्डा मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहत उघडाच राही.

१५/ उघड्या खड्ड्याच्या कडेला शहर जगत होते. दुकानापुढे कुंपण, दारापुढे चिखल, वळवलेल्या ट्राम, गिऱ्हाइकाची वाट पाहणारे दुकानदार. पाच-सात वर्षे दार अडलेल्या दुकानदाराला भविष्यातील गाडीचे वेळापत्रक दाखवून काय उपयोग? प्रकल्पाच्या हिशेबात नळ हलवण्याचा खर्च धरला जातो. बुडालेल्या धंद्याचा सहसा धरला जात नाही.

१६/ १९८२ मध्ये बंगालचेच ए. बी. ए. घनी खान चौधरी रेल्वेमंत्री झाले आणि कामाला वेग आला. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर (आजचे नेताजी भवन) या ३.४ किलोमीटरवर भारतातील पहिली भुयारी मेट्रो धावली. स्थानके पाच. बंगाली माणसाने तिला नाव दिले ‘पाताल रेल’.

१७/ तीनच आठवड्यांनी, १२ नोव्हेंबरला, उत्तर टोकाचा दमदम ते बेलगाछिया हा तुकडा सुरू झाला. पण त्याचा दक्षिणेच्या तुकड्याशी संबंधच नव्हता! मधला श्यामबाजार-चित्तरंजन मार्गाचा सर्वांत अवघड भाग अजून अपुरा होता. कोठेही न पोचवणाऱ्या त्या गाडीला प्रवासी मिळेनात. ऑक्टोबर १९९२ मध्ये ती सेवा स्थगित करावी लागली.

१८/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. ‘किती किलोमीटर पूर्ण?’ या प्रश्नाला १९८४ अखेरीस उत्तर होते साडेपाचांहून थोडे अधिक. आकडा खोटा नव्हता. पण रेल्वेची उपयुक्तता किलोमीटरांच्या बेरजेत नसते, जोडणीत असते. दोन तुटक तुकडे म्हणजे अर्धी रेल्वे नव्हे.

१९/ दक्षिणेकडे टॉलीगंजपर्यंत गाडी १९८६ मध्ये पोचली. मधली पोकळी भरून दमदम ते टॉलीगंज अखंड मार्ग खुला झाला २७ सप्टेंबर १९९५ रोजी. कोनशिलेपासून जवळजवळ २३ वर्षे. मूळ अंदाज सुमारे १४० कोटींचा. अंतिम खर्च दीड हजार कोटींच्या पुढे गेला.

२०/ म्हणून हा प्रकल्प फसला म्हणायचे का? नाही. गाळाच्या भूमीत, गजबजलेल्या शहराखाली भुयार कसे बांधायचे, हे भारतीय अभियंत्यांनी येथे हाताने शिकून घेतले. गाड्यांचे डबेही चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत घडले. आणि ज्यांनी हा रखडलेला काळ जवळून पाहिला, त्यांनी त्यातून धडेही घेतले असणार.

२१/ १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात या मेट्रोच्या नियोजनावर काम करणारे एक अधिकारी होते ई. श्रीधरन. महाराष्ट्र आणि गोवा त्यांना ओळखतात ते कोकण रेल्वेमुळे. कोकण रेल्वेसाठी वेगळे महामंडळ निघाले, त्याने कर्जरोख्यांतून पैसा उभारला, आणि अवघड डोंगरांतून १९९८ मध्ये मार्ग पुरा झाला. दिल्ली मेट्रोलाही स्वतंत्र कंपनी मिळाली आणि २००२ मध्ये पहिली गाडी धावली.

२२/ फरक यंत्रांचा होताच, पण केवळ यंत्रांचा नव्हता. वर्षागणिक तुकड्यातुकड्यांनी मिळणारा पैसा आणि निर्णयांसाठी पाहावी लागणारी वाट, हे कलकत्त्याचे दुखणे होते. पैशाची आधी तजवीज आणि निर्णयाचा अधिकार जागेवर, हा त्यावरचा उतारा.

२३/ आणि १९२१ चे ते स्वप्न? पूर्व-पश्चिम मार्गाचे बोगदे २०१७ मध्ये हुगळीखालून पार झाले. नदीखालचा भाग सुमारे ५२० मीटर. गाडी तो पाऊण मिनिटात ओलांडते. नदी जिंकली म्हणून सर्वांनी सुस्कारा सोडला. घात झाला तो नदीत नव्हे, जुन्या वस्तीखाली.

२४/ ३१ ऑगस्ट २०१९. सराफी पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बऊबाजारखाली ‘चंडी’ नावाच्या खोदयंत्राने पाण्याचा साठा फोडला. पाण्यासोबत माती बोगद्यात वाहून आली आणि वरची जमीन खचली. जुनी घरे कोसळली, अनेकांना तडे गेले, शेकडो माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. २०२२ मध्ये याच भागात पुन्हा दोनदा भेगा पडल्या.

२५/ ‘चंडी’ पुन्हा चाललीच नाही. तिचे उरलेले अंतर ‘उर्वी’ या दुसऱ्या यंत्राने उलट्या दिशेने येऊन २०२१ मध्ये खणले. मार्च २०२४ मध्ये नदीखालून गाडी धावली. बऊबाजारखालचा तुकडा मात्र २०२५ पर्यंत लांबला. शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्याची भीती होती नदी. प्रत्यक्षात कसोटी पाहिली ती नदीने टाकलेल्या गाळाने आणि त्यावर वसलेल्या घरांनी.

२६/ मुंबईकरांना हे परके वाटू नये. ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या वस्तीखालून जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पुरी झाली. तेथेही चाळींतील बिऱ्हाडांचे स्थलांतर आणि पुनर्वसन हा बोगद्याइतकाच अवघड प्रश्न होता.

२७/ तेव्हा आपल्या शहरात ‘काम प्रगतिपथावर आहे’ असा फलक दिसला, तर आणखी तीन गोष्टी विचारा. पैसा सबंध कामाचा आहे की या वर्षापुरता? हा तुकडा कशाला जोडला जाणार आहे? आणि वर राहणाऱ्यांचे नुकसान हिशेबात धरले आहे का? कलकत्त्याच्या भूमीने हे तिन्ही प्रश्न फार मोठी किंमत घेऊन शिकवले आहेत.

२८/ आपल्या घरातील कोणी नोकरी-शिक्षणानिमित्त १९७०-८० च्या दशकांत कलकत्त्यात राहिले असेल, तर त्यांना त्या खणलेल्या रस्त्यांविषयी जरूर विचारा आणि येथे लिहा. कोनशिलेची तारीख दप्तरात सापडते. दारापुढचा चिखल केवळ आठवणींतच उरतो. 🙏 (समाप्त)