रानडुक्कर चालतं, मग गावडुक्कर का नाही?



शीर्षक वाचून काहींनी नाक मुरडलं असेल. हरकत नाही. माझ्या घरातही या विषयाला वेगळं पातेलं आहे. बंगळुरात कॉक्स टाउनच्या आमच्या घरी महिन्यातून एखाद्या रविवारी मी डुकराच्या मांसाचा रस्सा करतो. इथे त्याला 'पंदी करी' म्हणतात. कोडगू भाषेत पंदी म्हणजे डुक्कर. आईचं वय आता अठ्ठ्याऐंशी. तिचा नियम साधा आहे. माझं पातेलं, माझा झारा, माझी घासणी वेगळी, आणि शिजवून झालं की सगळ्या खिडक्या उघडायच्या. त्या पदार्थाचं नावही ती घेत नाही. "तुझं ते झालं का?" एवढंच विचारते.

पण याच आईच्या हातचा रानडुकराचा रस्सा मी लहानपणी खाल्ला आहे. साल १९६९ असेल. गाव सांगली जिल्ह्यातलं. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. उसात डुकरं घुसली की गावचे लोक हाका घालायचे. शिकार झाली की वाटे पडायचे आणि आमच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर हंडा चढायचा. आईनं वाटलेलं काळं तिखट, वर ज्वारीची भाकरी. त्या दिवशी पाहुणेरावळेही मुद्दाम जेवायला यायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारी थांबल्या, पण त्या रश्श्याची आठवण आई आजही कौतुकानं सांगते.

गावाच्या कडेला ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. तिथले लोक डुकरं पाळायचे. त्या वस्तीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या घरचं काही खायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. कारण एकच, ते लोक डुक्कर खातात. म्हणजे आमच्या अंगणात जे शिजलं ती शिकार, आणि ओढ्यापलीकडे शिजलं ते डुक्कर. प्राणिशास्त्र विचाराल तर दोघंही 'सस स्क्रोफा', एकाच कुळीचे. गावडुक्कर म्हणजे माणसाळवलेलं रानडुक्कर. मग फरक कुठून आला? आज आपण हाच शोध घेणार आहोत.

सुरुवात मनुस्मृतीपासून करू. पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये त्याची एक यादी येते. तीत सहा गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. अळंबी, गावडुक्कर, लसूण, गावकोंबडा, कांदा आणि गृंजन. या शेवटच्या शब्दाचा अर्थ टीकाकार वेगवेगळा लावतात, तो सोडून देऊ. उरलेल्या पाचांकडे बघा. कांदा-लसणाशिवाय आपली आमटी होत नाही. कोंबडी रविवारची झाली. मशरूम तर लग्नाच्या पंगतीत आलं. पाचातले चार जण आपल्या स्वयंपाकघरात राजरोस शिरले, बाहेर राहिला तो एकटा गावडुक्कर. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात श्राद्धाचा विषय आहे. तिथे सांगितलं आहे की वराहाच्या मांसानं पितर दहा महिने तृप्त राहतात. तेव्हा बंदी प्राण्यावर नव्हती. तो कुठे राहतो, काय खातो, आणि कोणाच्या दारात वाढतो, यावर होती.

आता कल्याणला जाऊ. मुंबईजवळचं नव्हे. बीदर जिल्ह्यातलं, आजचं बसवकल्याण. बाराव्या शतकात ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. या घराण्याच्या राजमुद्रेवर वराह होता. त्यांच्याआधीच्या बदामीच्या चालुक्यांचंही लांछन तेच. बदामीच्या लेण्यांत पृथ्वीला उचलून धरणारा वराह तुम्ही पाहिला असेल. सोन्याच्या नाण्यालाही दक्षिणेत 'वराह' हेच नाव पडलं. आपण त्याला होन म्हणतो.

या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास एक प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. 'मानसोल्लास', दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी'. राज्य कसं करावं इथपासून हत्ती, रत्नं, संगीत, शिकार आणि जेवणापर्यंत सगळं त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ चांगला परिचयाचा आहे, कारण त्यातल्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात. मात्र त्याच ग्रंथातल्या 'अन्नभोग' प्रकरणाची आठवण आपण फारशी काढत नाही.

त्या प्रकरणात डुक्कर आहे, आणि चांगलं तपशीलवार आहे. अंगावरचे केस काढायच्या दोन रीती दिल्या आहेत. एक, पांढरं कापड टाकून वरून कढत पाणी ओतायचं. दुसरी, गवताच्या जाळावर केस जाळायचे. मग धुऊन विस्तवावर भाजायचं. भाजलेल्या मांसाच्या ताडाच्या पानासारख्या पातळ पट्ट्या काढायच्या, त्या मसाल्याच्या दह्यात घालायच्या, किंवा महाळुंगाच्या रसात आणि मोहरीत मुरवायच्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीत गवताचा जाळ करून केस जाळताना मी लहानपणी दुरून पाहिलं होतं. वास यायचा म्हणून आम्ही नाक धरून पळायचो. पुढे चाळीस वर्षांनी तीच रीत राजाच्या ग्रंथात वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

एक गोष्ट ध्यानात घ्या. सोमेश्वराच्या ताटात मिरची नव्हती. तिखटपणा यायचा तो मिरी, आलं आणि मोहरी यांचा. मिरची अमेरिकेतली. १४९२ ला कोलंबस तिकडे पोचला, १४९८ ला वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये आल्बुकर्कनं गोवा घेतलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून मिरची आपल्याकडे रुजली. भाषेनं मात्र जुनी ओळख जपली. 'मिरी'वरून आपण 'मिरची' केली. कन्नडात मिरीला मेणसू म्हणतात, म्हणून मिरची झाली मेणसिनकाई. पाहुणीला दोन्ही घरांनी यजमानीणबाईंचंच नाव दिलं.

पोर्तुगिजांबरोबर आणखी एक पदार्थ आला, 'कार्ने दे विन्या द आल्योस'. म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. त्याचं गोव्यात झालं 'विंदालू'. हॉटेलवाले त्यात बटाटे टाकतात ते 'आलू' ऐकून. तो मुळात 'आल्यो', म्हणजे लसूण. गोव्यात द्राक्षाची वाइन कुठून आणायची? मग माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, लाल मिरची आली, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आली. व्हिनेगरमुळे हा पदार्थ फ्रीज नसतानाही टिकायचा, आणि दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागायचा. पण यामुळे एक गैरसमजही पक्का झाला. गोव्यात डुकराचं मांस ख्रिस्ती घराची खूण ठरलं आणि आपण समजून बसलो की हे खाणंच परकं. परकी होती मिरची, आणि तिला आपण देवाच्या नैवेद्यातही घेतलं.

आता माझं आजचं पातेलं. कोडगू हा फौजी मुलूख. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा तिथले. १५ जानेवारी १९४९ ला त्यांनी सूत्रं घेतली, म्हणून तो दिवस आपला सेनादिन. जनरल थिमय्याही तिथलेच. कोडवा लोकांचा सप्टेंबरात 'कैलपोध' नावाचा सण असतो. भातलावणी संपली की शस्त्रं बाहेर काढून त्यांची पूजा करायची. आपली खंडेनवमीच म्हणा. पूजेनंतरच्या जेवणात पंदी करी हवीच. मी तरुण कॅप्टन असताना एका कोडवा सहकाऱ्याच्या घरी ती पहिल्यांदा खाल्ली. त्याआधी मेसमध्ये काट्या-सुरीनं बेकन खाल्लं होतं. पुढे नागालँडमध्ये जवानांच्या लंगरात धुरावलेलं मांस आणि आखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, तेही खाल्लं. १८५७ ची काडतुसं शाळेत शिकलेल्या माणसाला फौजेत एक शिस्त लवकर कळते. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यावर शेरा मारायचा नाही.

कृती सांगतो, लिहून घ्या. एक किलो मांस, चरबी आणि कातडीसकट, इंचभर तुकडे. हळद, मीठ आणि दोन चमचे लाल तिखट लावून अर्धा तास ठेवा. तीन कांदे, एक गड्डा लसूण, दोन इंच आलं आणि पाच-सहा हिरव्या मिरच्या जाडसर वाटा. जाड बुडाच्या पातेल्यात अगदी थोड्या तेलावर वाटण परता, मग मांस टाका. त्याची चरबी सुटते, जास्त तेल लागत नाही. गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर सव्वा-दीड तास शिजवा. या मांसात जंताचा धोका असतो, त्यामुळे आतपर्यंत पूर्ण शिजलंच पाहिजे. इथे घाई नको.

तोवर दोन चमचे मिरी, दोन चमचे धने, एक चमचा जिरं, अर्धा चमचा मोहरी आणि चार मेथीदाणे कोरडे भाजा. एकेक वेगळं भाजायचं, चांगलं काळपट होईपर्यंत, पण करपू द्यायचं नाही. रश्श्याचा काळा रंग यातूनच येतो. याची पूड शेवटी घाला, आणि सोबत एक मोठा चमचा 'काचंपुळी'. एका आंबट फळाचा रस आटवून केलेला हा काळा दाट अर्क. ते झाड गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. काचंपुळी मिळाली नाही तर कोकमाचं आगळ तीन-चार चमचे घाला, मात्र आगळात मीठ असतं, म्हणून आधीचं मीठ कमी करा. आणखी दहा मिनिटं उकळा. कोडगूत याबरोबर तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, कडंबुट्टू, खातात. मी भाकरी करतो.

आता बघा, कल्याणला महाळुंग, गोव्यात व्हिनेगर, कोडगूत काचंपुळी. चरबीला आंबट हवं, हे तिघांनाही कळलेलं. आणि माझ्या आईच्या काळ्या तिखटात भाजलेला मसाला होताच. आम्हा सगळ्यांची चूल एकच होती, पंगती तेवढ्या वेगळ्या.

आता ती वर्गमित्राची गोष्ट पुरी करतो. एनडीएत माझी निवड झाली तेव्हा त्यानं मला घरी जेवायला बोलावलं. त्याच्या आईनं मुद्दाम माझ्यासाठी रांधलं होतं. मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि दारातूनच परतलो. त्याला खरं कारण समजलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' २०१४ मध्ये थिएटरात पाहिला. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. गावासमोर डुक्कर धरावं लागणाऱ्या त्या पोराची लाज पाहताना मला ते दार आठवत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या मित्राचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरात आला. मी त्याला आग्रहानं जेवायला बोलावलं. सकाळपासून पातेलं चढवलं होतं. पन्नास वर्षांचं देणं फेडायचं, असं काहीसं मनात होतं. ताट वाढलं तर तो संकोचून म्हणाला, "काका, आम्ही हे खात नाही. बाबांनी नोकरी लागल्यावर बंद केलं. आजी गेल्यापासून घरात कोणीच खात नाही."

मी विचारलं, "आवडत नाही?"

"माहीत नाही. कधी खाल्लंच नाही. बाबा म्हणायचे, लोक वासावरून ओळखतात."

त्या दिवशी त्यानं पिठलं-भाकरी खाल्ली. आईनं स्वतः उठून केली. माझ्या ताटातला रस्सा तसाच राहिला. ज्या घराच्या रांधण्याला मी नाकारलं होतं, त्या घरानं आमच्यासारख्यांच्या नाकाला भिऊन ते सोडून दिलं होतं, आणि मी निवृत्तीनंतर तेच हौस म्हणून शिकत होतो. सोमेश्वराची कृती ग्रंथात आहे, ती टिकेल. त्या आजीची कृती कोणी लिहून ठेवली नाही.

म्हणून एक विनंती आहे. डुकराचं मांस खा किंवा खाऊ नका, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुमच्या गावाकडच्या अशा कुठल्या वस्तीतली एखादी आजी अजून असेल, तर ती काय आणि कसं रांधायची ते विचारून लिहून घ्या. आणि तिनं जेवायला बसवलं तर पोट बिघडल्याचं सांगू नका.

भेटू पुढच्या रविवारी. जय हिंद, जय महाराष्ट्र.