नर्मदा परिक्रमा : एकट्याने पायी

नर्मदेला सतत उजव्या हाताला ठेवून, मुखाखेरीज पात्र कुठेही न ओलांडता, दोन्ही तीरांवरून केलेली पदयात्रा म्हणजे नर्मदा परिक्रमा. मध्य प्रदेशातील अमरकंटकला उगम पावून भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळणारी ही नदी १३१२ किलोमीटर लांब आहे. म्हणजे चालायचे अंतर अडीच हजार किलोमीटरांच्या वर जाते. परिक्रमा कुठूनही उचलता येते, पण बहुतेक जण ओंकारेश्वरहून निघतात. दक्षिण तटाने समुद्राकडे जायचे, मुखाशी भरतीची वेळ साधून नावेने पलीकडे मिठी तलाईला उतरायचे आणि उत्तर तटाने अमरकंटक गाठून परतायचे. जुन्या रिवाजात तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस धरतात आणि चातुर्मासात मुक्काम एका जागी असतो. आता अनेकांची परिक्रमा काही महिन्यांत पुरी होते.

लोक जोडीने किंवा जथ्याने जातात, तसे एकटेही जातात. एकटेपणाने माणूस बदलतो, असे सरसकट म्हटले जाते. परिक्रमेत मात्र बदलाचे खरे कारण परावलंबन हे आहे. संग्रह करायचा नाही, मिळेल ते खायचे, हा नियम. संध्याकाळी आश्रमाच्या किंवा एखाद्या घराच्या दारात ‘नर्मदे हर’ म्हणून उभे राहिले की आतून विचारणा होते, ‘कितनी मूर्ती?’ एकट्याने ‘एक’ म्हणायचे, ओसरीवर आसन लावायचे, काठी आणि नर्मदाजलाची बाटली उशाशी ठेवायची. कुठे तयार भोजनप्रसादी मिळते, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. तो घेऊन चूल आपणच पेटवायची. नाव, आडनाव, हुद्दा सहसा कोणी विचारत नाही. पुरुष असेल तर तो बाबाजी, बाई असेल तर माताजी. जथ्यात मागायचे काम दुसऱ्यावर ढकलता येते, ओळखीच्या गप्पांत जुना मोठेपणा टिकवता येतो. एकट्याला दोन्ही सवलती नाहीत. आयुष्यभर पगारावर जगलेल्या माणसाला पोटासाठी हात पसरणे पहिल्या काही दिवसांत फार जड जाते. ज्यांच्या घरात उद्याच्या पिठाची खात्री नाही, तेच भाकरी पुढे करतात तेव्हा ते अधिकच जड जाते.

सर्वांत कठीण टप्पा शूलपाणी झाडीचा. इथले भिल्ल परिक्रमावासीयांना लुटून अंगावरच्या वस्त्रानिशी सोडत, ही गोष्ट जुन्या वर्णनांत हमखास येते. पण ते स्वतःच किती उपाशी होते, हे तिच्यात पुरेसे येत नाही. सरदार सरोवराच्या १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाने मूळ शूलपाणेश्वर मंदिर, काठची गावे आणि जुनी पायवाट बुडवली. याच पट्ट्यात नंदुरबार जिल्ह्याचा सुमारे ५४ किलोमीटरचा काठ येतो. आजची वाट पाण्यापासून दूर, सातपुड्याच्या डोंगरांतून जाते. विस्थापितांचे दुःख वगळून लिहिलेले परिक्रमेचे कोणतेही वर्णन अपुरेच म्हटले पाहिजे.

मराठी वाचकांना ही वाट गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’मुळे परिचित झाली. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून टप्प्याटप्प्याने, सोबत्यांसह काठ पायाखाली घातला. त्यांची पुस्तके काठच्या माणसांसाठी वाचावीत. नाशिकच्या भारती ठाकूर यांनीही मैत्रिणींसोबत परिक्रमा केली, नंतर निमाडात राहायला जाऊन लेपा गावी मुलांसाठी शाळा उभारली. वाटेत मिळालेले अन्न अशा कामातून फेडणे, ही परिवर्तनाची सर्वांत भरवशाची खूण होय.

समाप्तीला ओंकारेश्वरी जल अर्पण करून कढई करतात, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद आणि कन्याभोजन. एकट्याने निघणाऱ्यांनी ओळखपत्र आणि परिक्रमेचा दाखला जवळ ठेवावा, झाडीचा टप्पा सोबत मिळाल्याशिवाय करू नये, आणि वाटेत प्लास्टिकचा कचरा टाकू नये.