व्यसनप्रतिबंधक समुदाय आघाड्यांचे मार्गदर्शन अनुदान
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत किशोरवयीनांमधील व्यसनाधीनता रोखणाऱ्या अनुभवी स्थानिक आघाडीने नव्या आघाडीला घडवावे, यासाठी संघीय शासनाकडून दिले जाणारे अर्थसाहाय्य. १९९७ च्या ‘ड्रग-फ्री कम्युनिटीज’ कायद्याने अशा आघाड्यांना अनुदान देण्यास प्रारंभ झाला व २००१ च्या दुरुस्तीने त्याला मार्गदर्शनाची जोड मिळाली. आघाडी म्हणजे एका परिसरातील युवक, पालक, शाळा, पोलीस, आरोग्यसेवक, व्यापारी, माध्यमे, धर्मसंस्था इ. बारा घटकांचे संघटन होय. मूळ अनुदान वर्षाला कमाल १,२५,००० डॉलर, तर मार्गदर्शन अनुदान कमाल ७५,००० डॉलर असून ते दोन वर्षांपर्यंत मिळते. आघाडीला जुळणी निधी, म्हणजे स्वतःचा समप्रमाण वाटा, उभारावा लागतो. मात्र स्वयंसेवकांनी दिलेले तास किंवा बैठकीसाठी चर्चने विनामूल्य दिलेले सभागृह यांचे मूल्यही त्यात धरले जाते. मार्गदर्शक आघाडी नव्या कार्यकर्त्यांना परिसराची पाहणी, कृतिआराखडा व मूल्यमापन शिकवते. अल्पवयीनांना मद्य विकणारी दुकाने कोणती, घरातील उरलेली वेदनाशामके मुलांच्या हाती कशी पडतात, हे शोधून उपाय योजण्याची पद्धत समजावते. मागील तीस दिवसांतील सेवन, धोक्याची जाणीव आणि पालकांची व समवयस्कांची नापसंती या निकषांवर आघाड्यांचे यश मोजतात. शिकाऊ आघाडीने पुढे स्वबळावर मूळ अनुदान मिळवावे, हे अंतिम उद्दिष्ट असते. व्यसन जडल्यानंतरच्या उपचारापेक्षा ते जडूच न देणे अधिक हितावह असल्याने, अनुभवाचे हे हस्तांतरण पैशाहून मोलाचे ठरते.