बार्टन हॉलची रात्र : वादनाची की फितीची?

८ मे १९७७, रविवार. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड वाजवून गेला. मे महिना असूनही त्या रात्री बाहेर बर्फ पडला. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्यांतला सर्वश्रेष्ठ कोणता, हा रसिकांचा वाद कधी मिटत नाही. मात्र या रात्रीचे नाव बहुधा सर्वांत आधी निघते. ही श्रेष्ठता वादनाची किती आणि ध्वनिफितीची किती, हे तपासावे म्हणून मी त्या आठवड्यातली मुद्रणे ओळीने ऐकली.

‘डेड’ची गाणी मंचावर चौकट सोडून वाढत, एकमेकांत मिसळत आणि रोज वेगळी होत. म्हणून श्रोते रेकॉर्डर घेऊन येत. बँडने त्यांना अडवले तर नाहीच, उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागा राखली. फिती फुकट द्यायच्या-घ्यायच्या, विकायच्या नाहीत, असा रसिकांचा दंडक होता. पण गर्दीतून केलेल्या मुद्रणात टाळ्या-आरोळ्याच फार. बेटी कँटर-जॅक्सन मात्र थेट मंचाच्या ध्वनियंत्रणेतून मुद्रण करत. पुढे त्यांच्या गोदामाचे भाडे थकले आणि १९८६मध्ये फिती लिलावात गेल्या. कॉर्नेलची फीत त्यांतलीच. प्रतींवरून प्रती निघाल्या आणि इतकी स्वच्छ ‘डेड’ अनेकांनी प्रथमच ऐकली. कीर्तीचा निम्मा वाटा मी इथे देतो.

उरलेला निम्मा वादनाचा. पूर्वार्ध मला नीटनेटका, पण बेताचा वाटतो. शेवटचे ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ तेवढे रंगते. उत्तरार्धात ‘स्कार्लेट बेगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’ उगवते, ते पंचवीसेक मिनिटांचे वादन मी कितीदा ऐकले याची गणती नाही. ही जोडी त्याच मार्चमध्ये प्रथम वाजली होती, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची. तरी सांधा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. फिल लेशचा बास हळूच वाट बदलतो, दोन्ही ढोलवादक त्याच्यामागे जातात, आणि मग दोनच स्वरसंघांवर जेरी गार्सियाची गिटार निवांत फिरत राहते. त्या दोघांतला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे तालाचे धडे घेतलेला. १९७६ची ‘डिगा’ ही ध्वनिमुद्रिका त्याने मुंबईत वाढलेल्या झाकिर हुसेन यांच्यासह केली. आपल्या कानांना ही लय परकी वाटत नाही, ती कदाचित त्यामुळेही.

‘सेंट स्टीफन’च्या आसपास वादन रेंगाळते. पण ‘मॉर्निंग ड्यू’! अणुसंहारानंतरच्या जगाचे हे गाणे गार्सिया जवळजवळ पुटपुटत गातो आणि अखेरीस गिटारवर असा चढत जातो की मला खुर्चीत बसवत नाही. त्यानंतर निरोपाला वाजवले ‘वन मोअर सॅटर्डे नाइट’, तेही रविवारी!

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०११च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत या रात्रीचा समावेश केला. अधिकृत ध्वनिमुद्रिका यायला २०१७ उजाडले. तरीही माझ्या यादीत दुसऱ्याच दिवशीचा, ९ मेचा बफेलोचा कार्यक्रम कॉर्नेलच्या शेजारी बसतो. तिथे आरंभालाच ‘हेल्प ऑन द वे’, ‘स्लिपनॉट’ आणि ‘फ्रँकलिन्स टॉवर’ ही अवघड साखळी आहे. कॉर्नेलचा पूर्वार्ध तिच्यापुढे फिका पडतो.